लाउझिट्झमधील पाच दिवस : खाण बंद होण्याआधीच्या बैठका

पहिला दिवस : बर्लिन ते कॉटबुस

बर्लिन सोडून आग्नेयेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात पाइनच्या जंगलात शिरली आणि पुढचा तासभर खिडकीबाहेर सरळ उभ्या खोडांखेरीज फारसे काही दिसले नाही. ना डोंगर, ना खडक. जिकडेतिकडे रेताड, सपाट जमीन. या वाळूखाली लिग्नाइटचे, म्हणजे तपकिरी कोळशाचे, थर आहेत आणि शंभराहून अधिक वर्षे ते उकरून काढले जात आहेत, हे आधी ठाऊक नसते तर हा मुलूख लाकूडतोड्यांचा वाटला असता. पूर्व जर्मनीतल्या लाउझिट्झ या खाणपट्ट्यातील कॉटबुस स्थानकावर उतरलो तेव्हा गावाचे नाव दोन भाषांत लिहिलेले दिसले, जर्मन आणि सॉर्बियन. सॉर्ब हे या भागातले जुने स्लाव्ह लोक आहेत आणि खाणीखाली गेलेल्या गावांपैकी कितीतरी गावे त्यांची होती.

मी चंद्रपूरचा. तेथील औष्णिक विद्युत केंद्राच्या नियंत्रण कक्षात तीस वर्षे पाळ्या केल्या आणि सात वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्या पाच जणांच्या गटात वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या, खाणीतून निवृत्त झालेले एक ओव्हरमन (खाणीतील पर्यवेक्षक), खाणीला लागून असलेल्या एका गावाच्या सरपंच, कंत्राटी कामगारांचे खटले चालवणारे एक वकील आणि नागपूरची एक तरुण संशोधक होती. कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांनी कोळशानंतरचे दिवस कसे आखावेत यावर बोलण्यासाठी निरनिराळ्या देशांतील लोकांना कॉटबुसला बोलावले होते आणि सप्टेंबर २०२५ मधल्या त्या परिषदेचे आम्हालाही निमंत्रण होते. परिषदा पुष्कळ होतात, त्यातून निघते काय, हा प्रश्न मनात घेऊनच मी विमानात बसलो होतो.

रात्रीच्या जेवणाआधी यजमानांनी थोडक्यात पूर्वपीठिका सांगितली. जून २०१८ मध्ये जर्मन सरकारने कोळशाचा प्रश्न एका आयोगाकडे सोपवला. त्याच्या नावात ‘कोळसा’ हा शब्दच नव्हता. ‘विकास, संरचनात्मक बदल आणि रोजगार’ असे ते नाव होते. वीज कंपन्या, कामगार संघटना, पर्यावरणवादी, शास्त्रज्ञ आणि खाणपट्ट्यातील गावे अशा सर्वांचे प्रतिनिधी मिळून मतदानाचा अधिकार असलेले २८ सदस्य होते. शेवटची बैठक वीस तासांहून अधिक चालली आणि २६ जानेवारी २०१९ च्या पहाटे २७ विरुद्ध १ अशा मतांनी अहवाल मंजूर झाला : कोळशावरची वीज उशिरात उशिरा २०३८ पर्यंत बंद करावी आणि खाणपट्ट्यांना ४० अब्ज युरोंची मदत द्यावी. त्यावर आधारित कायदे जुलै २०२० मध्ये संसदेने संमत केले. मदतीतील सुमारे १७ अब्ज युरो एकट्या लाउझिट्झच्या वाट्याला आले.

आकडे ऐकून आमचे ओव्हरमन गप्प झाले. थोड्या वेळाने ते एवढेच म्हणाले, “इतके दिवस आधी सांगितलं त्यांनी लोकांना.” पैशापेक्षा त्यांचे लक्ष त्या वीस वर्षांच्या मुदतीकडे गेले होते.

दुसरा दिवस : परिषदेचे सभागृह

या दिवसाबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ज्यासाठी इतक्या दूर आलो ते मला इथेच दिसले.

सभागृहात मंच नव्हता. चाळीसएक खुर्च्या वर्तुळात मांडल्या होत्या, प्रत्येकीवर भाषांतर ऐकण्याचे कर्णयंत्र ठेवले होते आणि एका भिंतीवर तपकिरी कागद लावलेला मोठा फलक होता. हार, दीपप्रज्वलन, स्वागतपर भाषण यांपैकी काहीच झाले नाही. बैठक चालवणाऱ्या बाईंनी नमस्कार केला आणि थेट मागील बैठकीचे इतिवृत्त वाचायला घेतले.

वाचन पाऊण तास चालले. इतिवृत्ताच्या तक्त्यात तीन रकाने होते : काय ठरले, कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत. प्रत्येक ओळ वाचली की ज्याचे नाव तिथे असेल तो माणूस उभा राहून काम झाले की नाही ते सांगत असे. एका छोट्या गावाच्या नगराध्यक्षांच्या नावासमोर बससेवेच्या वेळापत्रकाचे काम होते. ते उठले आणि म्हणाले की काम झालेले नाही, कारण शेजारच्या जिल्ह्याचे पत्र आलेले नाही आणि त्या पत्राचा पाठपुरावा करण्यात ते स्वतःच कमी पडले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कोणी टोचून बोललेही नाही. बाईंनी जुनी तारीख खोडून नवी लिहिली आणि शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या, त्याच वर्तुळात बसलेल्या अधिकाऱ्याचे नाव त्याच ओळीत घातले.

माझ्या शेजारी बसलेल्या सरपंचताई हळूच म्हणाल्या, “सर, आपल्याकडं मीटिंग झाली की सतरंजी उचलली का संपलं.”

मला आमच्या भागातील एका प्रकल्पाची जनसुनावणी आठवली. मंडप मोठा होता, उन्हाळा कडक होता आणि माइकपर्यंत पोहोचायला मला तीन तास लागले होते. राखेच्या बंधाऱ्यातून नाल्यात येणाऱ्या पाण्याबद्दल मी बोललो आणि त्याची नोंद झाली असे मला सांगण्यात आले. आपल्याकडील २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत जनसुनावणीची तरतूद नीट विचार करून घातलेली आहे : किमान ३० दिवस आधी सूचना द्यायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने अध्यक्षस्थानी बसायचे आणि सुनावणीचा गोषवारा शेवटी सर्वांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा. नियम म्हणून यात उणे काढण्यासारखे फारसे नाही. मात्र ती सुनावणी एकदाच होते. दिलेल्या आश्वासनांचे काय झाले हे विचारण्यासाठी तीच माणसे पुन्हा त्याच मंडपात जमत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही सुनावणी नवा प्रकल्प उभारताना किंवा जुना वाढवताना होते. आमच्या केंद्रातील २१० मेगावॉटचे दोन जुने संच बंद झाले. ते बंद करण्यासाठी या अधिसूचनेनुसार कोणालाही काही विचारण्याची गरज नव्हती. धुराडे उभारताना गावाला विचारायचे आणि त्यातला धूर थांबला की फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपासून फिटरपर्यंत कोणाचे काय होणार हे मात्र कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर येऊ द्यायचे नाही, ही उणीव माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत कधी माझ्या लक्षात आली नाही याचे मला त्या खुर्चीवर बसून वाईट वाटले.

दुपारच्या सत्रात मदतनिधी कसा वाटला जातो हे समजावून सांगितले. ब्रँडेनबर्ग राज्यात प्रकल्पाचा प्रस्ताव आधी विषयवार कार्यशाळेत मांडावा लागतो. तिथे पालिका, उद्योग, विद्यापीठ, कामगार संघटना अशा सर्वांचे लोक असतात आणि त्यांची सहमती झाल्यावरच प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. यात वेळ फार जातो, ही तक्रार दिवसभरात मी किमान चार जणांकडून ऐकली. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. या कायद्याखालचा निधी मुख्यतः रेल्वे, रस्ते, संशोधन संस्था अशा सार्वजनिक कामांसाठी आहे. खासगी कारखान्याला तो सरळ देता येत नाही. त्यामुळे खाणीतील यंत्रचालकाला आपल्या शहरात नवी संशोधन संस्था उभी राहताना दिसते, पण तिच्या दारातून आत जाण्याचा रस्ता आपल्यासाठी आहे असे त्याला वाटत नाही. अशा वेळी रेल्वेचे उदाहरण हमखास पुढे येते. जानेवारी २०२४ मध्ये कॉटबुसला जलद गाड्यांच्या देखभालीचा नवा कारखाना सुरू झाला असून तिथे १,२०० नोकऱ्या देण्याचे ठरले आहे. वीज केंद्रातील फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांना हे काम परके वाटणार नाही.

आमच्या वकिलांनी विचारले की ठेकेदाराच्या हाताखाली सफाई, मचाण बांधणे, उपाहारगृह अशी कामे करणाऱ्यांची मोजदाद कोणी केली आहे का. कंपनीच्या पटावरील ५८ वर्षांवरच्या कामगारांना निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत जास्तीत जास्त पाच वर्षे सरकारकडून भत्ता मिळतो, हे आम्ही सकाळीच ऐकले होते. प्रश्नानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बाईंनी पिवळे कार्ड घेतले, प्रश्न जसाच्या तसा लिहिला आणि फलकावर टाचणीने लावला. “याचे उत्तर या खोलीत नाही,” असे भाषांतरकाराच्या आवाजात आम्ही ऐकले. उत्तर नसलेला प्रश्न भिंतीवर सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगून ठेवायचा, ही रीत मला फार पटली.

संध्याकाळी एका निवृत्त खाण कामगाराशी बोलणे झाले. नव्वदच्या दशकाबद्दल विचारल्यावर त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. १९८९ मध्ये लाउझिट्झच्या कोळसा उद्योगात ८० हजारांच्या आसपास माणसे होती आणि जर्मनी एक झाल्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत त्यांतली दहापैकी नऊ कामे गेली. त्या वेळी कोणी वर्तुळात खुर्च्या मांडल्या नाहीत. कामावरून कमी केल्याचे कळवणारी पत्रे घरी आली. होयर्सवेर्डासारखे खाण कामगारांसाठी वाढवलेले शहर रिकामे होऊन निम्म्याहून लहान झाले. ते म्हणाले की २०१८ नंतरच्या प्रत्येक बैठकीत हा एक माणूस न बोलावता येऊन बसलेला असतो : नव्वदमध्ये पत्र मिळालेला बाप, आणि त्याच्या शेजारी त्याचा मुलगा, जो आज खाणीत आहे.

तिसरा दिवस : येन्शवाल्डे आणि होर्नो

बस येन्शवाल्डे केंद्राजवळ आली तेव्हा मी अभावितपणे उठून उभा राहिलो. शीतकरण मनोऱ्यांतून निघणारी वाफ, वाहक पट्ट्यांचे तिरके बोगदे, रोहित्रांचा तो बारीक गुणगुणाट. इथे ५०० मेगावॉटचे सहा संच होते. आमच्या चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटमध्येही ५०० चे पाच संच आहेत. नियंत्रण कक्ष आम्हाला काचेपलीकडून दाखवला. पाळी बदलण्याची वेळ होती आणि जाणारा चालक येणाऱ्याला नोंदवहीतील एका ओळीवर बोट ठेवून काही सांगत होता. ते बोट मी माझ्या आयुष्यात हजारो वेळा ठेवलेले आहे.

येथील दोन संच २०१८ आणि २०१९ मध्ये राखीव म्हणून थांबवले होते. पुढे युक्रेन युद्धामुळे गॅसची टंचाई झाली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते पुन्हा पेटवावे लागले. २०२४ च्या वसंतात ते कायमचे बंद झाले. उरलेले चार संच कायद्याप्रमाणे २०२८ च्या अखेरीपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबायचे आहेत. ठरलेली तारीख मागेपुढे होऊ शकते, हे इथल्या माणसांनी अनुभवले आहे, आणि म्हणूनच एकदा करार करून सर्वांनी घरी जाणे त्यांना परवडत नाही. तारीख हलली की पुन्हा बसावे लागते.

तिथून फोर्स्ट गावाच्या कडेला वसवलेल्या नव्या होर्नोला गेलो. जुने होर्नो येन्शवाल्डेच्या खाणीखाली गेले. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, न्यायालयात गेले, आणि अखेर २००४ पर्यंत बहुतेकांनी नव्या जागी घरे बांधली. इथे नाहीशा झालेल्या गावांचे एक संग्रहालय आहे. जमिनीवर गालिच्यासारखा संपूर्ण लाउझिट्झचा नकाशा पसरलेला असून आपण चालत त्यावरून जातो. कोळशासाठी पूर्णपणे किंवा अंशतः हटवलेल्या १३० हून अधिक वस्त्यांची त्यावर नोंद आहे. सरपंचताई चपला काढून नकाशावर चालल्या. आम्ही कोणी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते. त्यांच्या गावाची जुनी वस्ती खाणीत गेलेली आहे आणि ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द त्यांच्या घरातल्या कागदपत्रांवर तीन पिढ्या आहे. तरी त्या जुन्या गावाचा एकही नकाशा त्यांच्याकडे नाही, हे त्यांनी परत येताना बसमध्ये सांगितले.

त्या २७ विरुद्ध १ मधले एक मत याच प्रदेशातले होते. वेल्त्सो गावच्या हानेलोरे वोटके आयोगात लाउझिट्झच्या खाणग्रस्त रहिवाशांची बाजू मांडत होत्या. शेजारचे प्रोशिम गाव वाचेल अशी स्पष्ट हमी अहवालात नाही म्हणून त्यांनी विरोधात मत दिले. वीस तास जागून सर्वांचे एकमत होत आले असताना हात वर न करणे किती कठीण असेल याचा विचार मी बराच वेळ करत होतो. जानेवारी २०२१ मध्ये खाण कंपनीने आपला नवा आराखडा जाहीर केला आणि प्रोशिमखालचा कोळसा त्यातून वगळला. हे त्या एका मतामुळे घडले असे मी म्हणणार नाही, कारण कोळशाचे अर्थकारणच तोवर बदलले होते. पण त्या मताची नोंद झालेली असल्यामुळे प्रोशिमचे नाव पुढच्या प्रत्येक चर्चेत राहिले, असे आमच्या वाटाड्याने सांगितले आणि मला ते पटते. एकमत झाले असे लिहून मोकळे होण्याच्या मोहात आपण कितीदा असे एक मत इतिवृत्तातून गाळतो.

चौथा दिवस : लिख्टरफेल्ड

हा दिवस पाहण्याचा होता. लिख्टरफेल्डला एफ-६० नावाचा वाहक पूल आहे : ५०२ मीटर लांब आणि सुमारे ११ हजार टन वजनाचा. खाणीच्या एका बाजूची माती उचलून दुसऱ्या बाजूला टाकणारे हे अजस्र यंत्र १९९१ मध्ये सुरू झाले आणि दीड वर्षही न चालता खाणीबरोबर बंद पडले. भंगारात काढण्याऐवजी ते लोकांना पाहण्यासाठी राखायचे ठरले आणि २००२ पासून प्रवासी त्यावर चढतात. वारा सुटल्यावर लोखंड कण्हल्यासारखे वाजत होते. ओव्हरमन शेवटपर्यंत चढले आणि वरून खालच्या तळ्याकडे पाहत राहिले. परतताना ग्रोसरेशन गावी थांबलो. खाणीचा खड्डा अजून कोरडा असतानाच तिथल्या लोकांनी त्याच्या काठावर पायऱ्यांची गच्ची आणि धक्का बांधून ठेवला. पाणी २००७ नंतर आले.

पाचवा दिवस : पाणी आणि शेवटची बैठक

सकाळी कॉटबुसच्या पूर्वेच्या तळ्यावर गेलो. इथली खाण डिसेंबर २०१५ मध्ये थांबली, एप्रिल २०१९ मध्ये श्प्रे नदीचे पाणी खड्ड्यात सोडायला सुरुवात झाली आणि १,९०० हेक्टरांचा हा पसारा ठरलेल्या पातळीपर्यंत भरायला डिसेंबर २०२४ उजाडला. मधल्या कोरड्या वर्षांत नदीत पाणीच नसल्याने सोडणे वारंवार थांबवावे लागले होते.

पाण्याचा हा प्रश्न मी घरून निघताना विचारातच घेतला नव्हता. खाण कोरडी ठेवण्यासाठी भूजल सतत उपसून श्प्रे नदीत सोडले जाते, आणि शंभर वर्षांच्या सवयीने नदी त्यावर अवलंबून आहे. खाणी बंद झाल्या की उपसा थांबणार. जर्मनीच्या पर्यावरण विभागाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कोरड्या उन्हाळ्यात श्प्रेचे पाणी काही ठिकाणी ७५ टक्क्यांपर्यंत घटू शकते, आणि याच नदीवर पुढे बर्लिनचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. म्हणजे एका राज्यातील खाण, दुसऱ्या राज्यातील कालवे आणि तिसऱ्या राज्यातील नळ यांचा हिशोब एकाच टेबलावर मांडावा लागतो. सॅक्सनी, ब्रँडेनबर्ग आणि बर्लिन यांच्या प्रतिनिधींचे सत्र ऐकताना मला इरई धरण दिसत होते. ते आमच्या वीज केंद्रासाठी बांधले आणि चंद्रपूर शहरही त्याचेच पाणी पिते. केंद्राचे संच कमी झाले तर ते पाणी कोणाचे, शहराचे की शेतीचे की आणखी कोणत्या कारखान्याचे, हे ठरवायला कोण कोण बसेल, याची यादी मी वहीच्या मागच्या पानावर करू लागलो. सात नावांनंतर थांबलो, कारण त्यांपैकी कोणतेही दोन विभाग मी कधी एका खोलीत पाहिलेले नव्हते.

समारोपाच्या सत्रातही भाषण झाले नाही. फलकावरील कार्डे एकेक करून काढून वाचली गेली आणि ज्यांची उत्तरे मिळाली ती बाजूला ठेवली. वकिलांचे पिवळे कार्ड तसेच टाचलेले होते. बाईंनी विचारले की हे काम कोणी घेईल का. सभागृहात शांतता होती. वकील माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, फाटकावरचा माणूस न माणूस तुम्ही ओळखता. आपल्याकडून सुरुवात करू.” मी हात वर केला. आमच्या केंद्राच्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या, पण केंद्राच्या पटावर नसलेल्या माणसांची कामवार यादी करायची : किती जण, कोणत्या गावचे, कोणत्या ठेकेदाराकडे, किती वर्षांपासून. सरपंचताईंनीही एक कार्ड मागून घेतले आणि त्यावर मराठीत ‘जुन्या गावाचा नकाशा’ असे लिहिले. घरांच्या जागा अजून आठवणारी चार-पाच म्हातारी माणसे गावात आहेत, त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा असे त्यांनी भाषांतरकाराला समजावून सांगितले.

दोन्ही कार्डे तक्त्यात चढली. बाईंनी माझ्या नावाचे स्पेलिंग दोनदा विचारून लिहून घेतले आणि तारखेच्या रकान्यावर पेन टेकवून माझ्याकडे पाहिले. दिवाळी जाऊ द्या, थंडीत गावोगाव फिरता येईल, असा मनाशी हिशोब करून मी ३१ मार्च सांगितली. पुढची बैठक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संगणकाच्या पडद्यावर होणार आहे आणि तिची सुरुवात याच तक्त्याच्या वाचनाने होईल.